आलोशियसचा कान आणि दोन इंजिनं

काही माणसं चेहऱ्याने ओळखली जातात, काही आडनावाने. आलोशियस ओळखला जायचा तो त्याच्या कानाने.

वसईच्या पूर्वेला, हायवे ओलांडून डोंगराच्या कुशीत शिरलं की दगडाच्या खाणी लागतात. आम्ही त्यांना खदान म्हणतो. तिथल्या कुठल्याही डंपरवाल्याला विचारा. तो सांगेल, की गास गावचा आलोशियस चालू गाडीच्या बाजूने नुसता चालत जायचा, मधेच थांबायचा आणि ड्रायव्हरला म्हणायचा, "तिसरा नोझल बघून घे तुझा." उघडून बघावं तर तिसराच. जुनं इंजिन विकत घ्यायचं असलं की माणसं त्याला वालीवच्या गॅरेजांत घेऊन जायची. तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा. भोवतीचे सगळे गप्प. मग डोळे उघडून एवढंच बोलायचा, "घे," नाहीतर "सोड". तो 'सोड' म्हणाला आणि तरी कोणी घेतलं, असं कधी झालं नाही.

हा कान त्याला वाडीत मिळाला. गासला बापाची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. विहिरीवर एका सिलिंडरचं ऑइल इंजिन. पाणी खाली गेलं की पंप हवा ओढायला लागतो, इंजिनावरचा भार उतरतो आणि त्याचा आवाज हलका होतो. तो हलका झालेला आवाज घराच्या पडवीतून ओळखून धावत जायचं आणि इंजिन बंद करायचं, हे आलोशियसचं बाळपणातलं काम. लग्न होऊन मार्गारेट आली ती निर्मळ गावची. तिच्याही माहेरी तसलंच इंजिन होतं, आणि ते हँडल मारून सुरू करायला तिला कोणा पुरुषाची गरज लागत नसे.

पुढे विहिरींचं पाणी खारं झालं. वाडीचे भावाभावांत वाटे पडले, वाट्यांवर घरं उठली. आलोशियसने आधी दुसऱ्याचा डंपर चालवला, मग स्वतःचा घेतला, मार्गारेटच्या नावावर. तेव्हापासून एकच काम. डोंगरातून दगड आणि मुरूम उचलायचा, खाडीकडच्या खोल, खाजणाच्या जमिनीत नेऊन ओतायचा. डोंगर खाली आला, खाजण वर आलं, आणि मधल्या रस्त्यावर आलोशियस म्हातारा होत गेला. कंबर धरली. गुडघे क्लचने खाल्ले. श्वासात धूळ बसली ती बसलीच. तरी पहाटे उठायचा, चहात पाव बुडवून खायचा आणि निघायचा. कंटाळा आलाय असं त्याने कधी म्हटलं नाही. माणूस खूप थकला की म्हणायचाही थकतो.

त्याच्या डंपरमध्ये इंजिनातलं तेल किती दाबाने फिरतंय हे दाखवणारा काटा होता. तो केव्हाच मेला होता. वालीवचा मेकॅनिक विघ्नेश दर खेपेला म्हणायचा, "काका, काटा नवीन टाकू या." आलोशियसचं उत्तर ठरलेलं, "मला कशाला काटा? कान आहे की."

नव्या डंपरांची तर तो थट्टाच करायचा. कामणकडच्या गावातला विकी नावाचा ड्रायव्हर एका शेठचा नवा डंपर चालवायचा. त्याच्या केबिनमध्ये चावी फिरवली की लाल, पिवळे, हिरवे दिवे लागत. आलोशियस खिडकीतून डोकावून म्हणायचा, "विक्या, हा डंपर आहे की नाताळचा गोठा? बाळ येशू कुठे ठेवलास?"

विकीही कमी नव्हता. "तुमची गाडी म्हनजे काका, चर्चमधली अंधारातली मिस्सा. सगळं पाठ, दिसत कायच नाही."

आणि हा विकीच त्या सकाळी त्याच्या मागे होता.

खदानीतून वर यायचा चढ मोठा अवघड. एका बाजूला कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला खोल खड्डा, मधे गाडीपुरता रस्ता. आलोशियसचा हौदा डबर दगडाने गच्च भरलेला. अर्ध्या चढावर त्याला सीटखालून दणका बसला. आवाज नंतर आला, आधी दणका आला. स्टिअरिंग हातात थरथरलं आणि इंजिन जागच्या जागी आवळलं. त्याने ब्रेक दाबून धरला. गाडी एक हातभर मागे सरकली आणि थांबली. खाली काळं तेल ओघळून मागे चाललं होतं, विकीच्या डंपरच्या चाकांपर्यंत.

विकी उडी मारून उतरला. हाताला येतील ते दगड त्याने आलोशियसच्या चाकांमागे कोंबले, दोन्हीकडून. मग पुढे येऊन दार उघडलं. आलोशियसचा पाय ब्रेकवरून सुटेना.

"सोडा आता काका, दगड लावलाय. सोडा."

"विक्या, तू किती मागे होतास?"

विकीने दोन हात फाकवून अंतर दाखवलं. ते फार नव्हतं.

डंपर ओढून वालीवला विघ्नेशकडे नेला. विघ्नेश मूळचा मालवणकडचा, राहायला नालासोपाऱ्यात, गॅरेज वालीवच्या गाळ्यांच्या ओळीत शेवटचं. आधी तो आलोशियसला अंकल म्हणायचा. आलोशियसने एकदा सुनावलं होतं, "मी तुझ्या बापाचा गोवेकर मित्र आहे का? काका म्हण." तेव्हापासून काका.

इंजिनाच्या पोटाला खिडकी पडली होती. पिस्टनचा दांडा तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता. विघ्नेशने खालचं चेंबर काढलं आणि बोट बुडवून वर धरलं. काळ्या तेलात चांदीसारखा भुगा चमकत होता.

"बेरिंग खाल्लंय काका. पार पावडर झालीय."

"तुटलं तेव्हा झाली असेल."

विघ्नेश उठून उभा राहिला. हळू बोलला, पण आलोशियसचं लक्ष त्याच्या ओठांवर होतं. "एका दिवसाचं नाही हे. महिनाभर तरी ठोकत असणार. तुम्हाला आवाज नाही आला?"

आलोशियसने भिंतीकडे बघितलं. तिथे टायरच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. "हलका यायचा," तो म्हणाला. "म्हटलं, ह्या फेऱ्या संपू देत, मग बघू."

आवाज त्याला आलाच नव्हता. महिनाभर त्याच्या पायाखाली लोखंड लोखंडावर ठोकत होतं आणि त्याला काही कळलं नव्हतं. हे त्याने त्या दिवशी कोणालाच सांगितलं नाही. स्वतःलाही त्याने ते बसच्या खिडकीतून बाहेर बघत, गास येईपर्यंत, थोडं थोडं करून सांगितलं.

आता ब्लॉकच फुटल्यावर ते इंजिन दुरुस्त होणार नव्हतं. दुसरं बघायला हवं होतं. विघ्नेशने दोन शोधून ठेवली.

एक होतं जुन्या पद्धतीचं, आलोशियसच्या इंजिनाचं सख्खं भावंड. पाण्याच्या टँकरमधून काढलेलं. तारा नाहीत, पट्ट्या नाहीत, सगळं पंपावर आणि स्क्रूवर. काढलं तसं बसवलं की झालं. आजारी पडलं तर ते आवाजात सांगतं, ऐकणारा पाहिजे.

दुसरं होतं एका उलटलेल्या डंपरचं. त्याची केबिन चेपली होती, इंजिनाला ओरखडाही नव्हता. आलोशियसच्याच मॉडेलमध्ये कंपनीने पुढच्या वर्षांत घातलेलं, सेन्सरचं. तेलाचा दाब उतरला, पाणी तापलं, की केबिनमध्ये दिवा लागतो, आणि तरी चालवलं तर इंजिन स्वतःचा जोर कमी करून घेतं. पण त्याच्यासाठी त्या डंपरची सगळी वायरिंग, पेडल, मीटर काढून ह्या डंपरला लावायला हवी होती.

विघ्नेशने दोन्हींवरचं फडकं काढलं. आलोशियसने दुसऱ्याकडे नीट पाहिलंही नाही.

"हे टँकरवालं ऐकू उद्या," तो म्हणाला.

"ते बघून तर घ्या. ठोकायच्या आधी सांगतं ते."

"मला सांगायला इंजिनाची गरज नाही, विघ्नेश."

हे बोलताना तो नेहमीपेक्षा मोठ्याने बोलला. हल्ली सगळंच मोठ्याने बोलायचा. रविवारी चर्चमध्ये सगळे उत्तर देऊन थांबले की आलोशियसचं 'आमेन' एकटंच मागून यायचं. मार्गारेट कोपराने ढोसायची. तो समजायचा, हिला घाई झालीय.

त्याला माहीत होतं की उद्या तो जो कौल देईल तो चुकीचा असू शकतो. चुकला तर इंजिन पुन्हा त्याच चढावर बसेल, आणि प्रत्येक वेळी मागून विकी येत असेल असं नाही. पण दिवेवालं इंजिन घेतलं तर वालीवपासून खदानीपर्यंत सगळ्यांना एका क्षणात कळेल, की आलोशियसचा कान गेला. रात्रभर तो ह्या दोन गोष्टी एकमेकींपुढे ठेवत राहिला. सकाळी उठला तेव्हा पाठ ताठली होती आणि ठरलं काहीच नव्हतं. मग जसं नेहमी व्हायचं तसंच होऊ द्यावं, असं त्याने ठरवलं.

त्या दिवशी खदान बंद होती. त्यामुळे आलोशियस इंजिन निवडतोय हे कळल्यावर ड्रायव्हर मंडळी वालीवला जमली. विकीही आला. मार्गारेटला यावंच लागलं, गाडी तिच्या नावावर. इंजिन बदललं की आरटीओच्या कागदांवर तिची सही लागणार. ती मोगऱ्याची फुलं बाजारात विकायची; वाडीतून आली तशीच आली, हातात पिशवी, आणि गाळ्याच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली.

टँकरचं इंजिन लोखंडी घोडीवर बांधलं होतं. आलोशियसने आधी ब्लॉकवर तळवा ठेवला. थंड होतं, म्हणजे आधी चालवून तापवलेलं नव्हतं. मान हलवली. विघ्नेशने बॅटरी जोडली, डिझेलची नळी बादलीत सोडली आणि सुरू केलं. इंजिन खोकललं, धूर सोडला, चालू लागलं. आलोशियसने तेलाचं झाकण काढून तोंडावर हात धरला. वाफ फार येत नव्हती. सायलेन्सरच्या धुराचा रंग बघितला. बरा होता. इथवरचं सगळं हाताचं आणि डोळ्यांचं, आणि इथवर त्याने चोख केलं.

मग त्याने स्क्रू ड्रायव्हर मागितला.

मूठ कानाला लावली, डोळे मिटले. नेहमीसारखे सगळे गप्प झाले. आणि आलोशियसला ऐकू आलं ते एकच घोंघावणं. दूर खाडीवर वारा वाहावा तसं. पूर्वी ह्या घोंघावण्यात प्रत्येक सिलिंडर वेगळा बोलायचा, व्हॉल्व्ह टिकटिकायचे, पंप कुरकुरायचा. भरल्या घरात आतल्या माणसांचे आवाज ओळखावेत तसे तो एकेक ओळखायचा. आता घर तेच, दार बंद. त्याने टोक पुढे सरकवलं, मागे सरकवलं. वारा तोच.

त्याने डोळे उघडले. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"सुरेख चाललंय," तो म्हणाला. "घेऊ."

विघ्नेश कापसाच्या बोळ्याने हात पुसू लागला, पुसलेलेच पुन्हा पुसू लागला. विकीने जमिनीकडे बघितलं. मागे उभ्या असलेल्या एकाने दुसऱ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"ठोकतंय ते," दारातून मार्गारेट म्हणाली.

आलोशियसने तिच्याकडे बघितलं. "काय?"

"ठोकतंय म्हटलं!" ती उठून आत आली. "मागच्या बाजूला कुठेतरी. ठक, ठक. आमच्या विहिरीवरचं गेलं तेव्हा असंच ठोकत होतं."

"तू काय मिस्त्री आहेस?"

"मी मिस्त्री नाही. मला कान आहेत."

हे तिने मुद्दाम म्हटलं नव्हतं. पण बोलून गेल्यावर तिलाही कळलं, आणि तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

आलोशियस विघ्नेशकडे वळला. "बंद कर ते." इंजिन बंद झालं. "ठोकतंय?"

"हलकंसं आहे, काका."

"मग मी 'सुरेख' म्हटलं तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं?"

"तुम्ही म्हणालात ना." विघ्नेशने बोळा खाली टाकला. "देवाशप्पथ सांगतो, मला वाटलं माझाच कान फसतोय. तुम्ही चांगलं म्हणताय म्हणजे चांगलंच असणार."

"आणि तू, विक्या?"

विकीने मान वर केली नाही. "मला पन येत होतं ऐकू."

"आज?"

"आज पन. आनि तुमच्या गाडीचं पन." आता त्याने वर बघितलं. "पंधरा-वीस दिवस तरी येत होतं काका. चढावर तर मागून साफ यायचं. सगळ्यांनाच येत होतं. विचारा ह्यांना."

"सगळ्यांना येत होतं." आलोशियस शब्द चावून बोलला. "आणि एकाने तोंड उघडलं नाही."

"कोन सांगनार तुम्हाला? गेल्या वर्षी त्या टिपरवाल्याने तुम्हाला सांगितलं, फॅनबेल्ट वाजतोय म्हनून. काय म्हनालात त्याला? 'तू जन्माला यायच्या आधीपासून ऐकतोय मी, निघ.' सगळ्यांसमोर. आम्ही म्हटलं, आलोशियसकाकांना ऐकू येतंय, मुद्दाम चालवतायत, काहीतरी हिशोब असेल त्यांचा."

गाळ्यात लोखंडाचा आणि डिझेलचा वास भरून राहिला होता. बाजूच्या गाळ्यात कोणीतरी ग्राइंडर लावला, आणि तो आवाज मात्र आलोशियसलाही आला. त्याने स्क्रू ड्रायव्हर नीट त्याच्या जागेवर ठेवला, मार्गारेटला 'चल' म्हणून खूण केली आणि बाहेर पडला. मागून कोणी हाक मारली असेल तर त्याला ती ऐकू आली नाही.

संध्याकाळी मार्गारेट ओटीवर बसून दुसऱ्या दिवसाच्या बाजारासाठी मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. आलोशियस समोरच्या पायरीवर बसला. घरातली त्यांची बोली वेगळी. इथे ती सगळ्यांना कळेल अशी लिहिली आहे.

"तुलाही येत होतं?" त्याने विचारलं. "माझ्या गाडीचं?"

मार्गारेट कळ्यांकडे बघूनच म्हणाली, "तुमची गाडी नाक्यावर वळते ना, तेव्हा मी चहाचं आधण ठेवते. इतकी वर्षं आवाजावर ठेवते. नाताळ झाल्यावर आवाज बदलला. मला वाटलं, कोणाची दुसरीच गाडी आली. दोनदा आधण ठेवलंच नाही."

"मग सांगायचं नाही?"

आता तिने वर बघितलं. आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलली. "मी म्हटलं, मला कळतं ते ह्यांना कळत नसेल का. टीव्ही शेजारच्या घरात ऐकू जातो. मिस्सेत तुमचं 'आमेन' फादर प्रवचनाला लागले की येतं. हे मला दिसत होतं. पण गाडीच्या बाबतीत मला वाटलं, तिथे तुम्ही ठीक असाल. तिथे तुम्हाला काय होणार?"

आलोशियसने गुडघे दाबले. बावखलाच्या, घरामागच्या तळ्याच्या बाजूने बेडकांचा आवाज येत असावा; त्या वेळेला येतो. तो त्या दिशेला बघत राहिला.

"विकून टाकू का गाडी?"

"विका म्हणत नाही मी. घरात बसलात तर माझ्या कालवणात मीठ जास्त की कमी हेच बघत बसाल." ती जराशी हसली, मग हसणं विझलं. "ते दिवेवालं घ्या. लोकं काय म्हणतील ते म्हणतील. चार दिवस म्हणतील. माझ्याकडे कोणी येऊन, 'चल, आलोशियसला खड्ड्यातून काढलाय' म्हणालं, तर ते मला किती दिवस ऐकावं लागेल?"

उठताना त्याने एका हाताने पायरी धरली, दुसऱ्या हाताने तिचं कळ्यांचं सूप उचललं आणि आत नेलं. त्या घरात अशा वेळी होकार असाच, न बोलता दिला जायचा.

दुसऱ्या दिवशी तो एकटा वालीवला गेला. विघ्नेशने चहा मागवला. आलोशियस बसला नाही.

"ते दुसरं दाखव."

विघ्नेश हसला नाही, हे त्याने चांगलं केलं. लॅपटॉप आणला, तार जोडली, इंजिन सुरू केलं. पडद्यावर आकडे धावू लागले. तेलाचा दाब, पाण्याची गरमी, इंजिन किती तास चाललंय ते. आलोशियसने चष्मा लावला आणि एकेक आकड्यावर बोट ठेवून विचारलं, हा काय, तो काय. थंड असताना दाब किती हवा, तापल्यावर किती उतरला तर चालेल. पाण्याचा आकडा वर चढेपर्यंत तो तिथे उभा राहिला.

"धावायला चांगलं असेल," तो म्हणाला. "मला धावायचं नाही. भरलेल्या गाडीने, पहिल्या गिअरात, कमी फिरताना ओढेल का? चढावर मधेच थांबलं तर तिथून उचलेल?"

"तुमच्या जुन्यापेक्षा लवकर ताकद धरतं. त्या उलटलेल्या गाडीचंही खदानीचंच काम होतं."

"उलटली कशी?"

"भरावावर. मऊ जमिनीत हौदा उचलला."

"हं." त्याला ती जागा न बघताही दिसली. "धूळ? तारांत धूळ जाईल."

"जोडांना रबरी टोप्या घालून देतो. दर महिन्याला आणा, फुंकून देतो. आणि काका, दिव्याबरोबर बझर पण आहे. दाब उतरला की भोंगा वाजतो."

आलोशियसने चष्मा काढला, काचा शर्टाला पुसल्या, खिशात ठेवला.

"भोंगा मला ऐकू येणार नाही," तो म्हणाला. "दिवा मोठा लाव."

विघ्नेशच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. मग त्याने मान डोलावली. कंपनीचा दिवा मुगाएवढा होता. त्याने बसच्या मागच्या बाजूला असतो तसला लाल दिवा शोधून आणला आणि स्टिअरिंगच्या मागे, अगदी नजरेसमोर बसवून दिला. कामाला दिवस लागले. मधल्या काळात मार्गारेटने कागदांवर सह्या केल्या आणि आलोशियसला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान इंजिनांनीच खाल्लाय. जाड आवाज, हॉर्न, मोठ्याने मारलेल्या हाका येतील. बारीक परत येणार नाहीत. घरात घालायला कानातलं मशीन मिळालं. ते घातलं की मार्गारेटची भांडी कपाळावर आपटल्यासारखी वाजायची, म्हणून तो ते फक्त मिस्सेला लावायचा.

गाडी तयार झाली आणि तो पुन्हा खदानीत गेला. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याच्याशी जरा मोठ्याने बोलत होते. एकाने जुनं इंजिन बघायला जाण्याबद्दल दुसऱ्याशी बोलणं काढलं, आलोशियस जवळच होता, त्याला विचारलं नाही. ते त्याने पाहिलं. हौदा भरेपर्यंत तो केबिनमध्ये बसून राहिला.

चढाला लागताना त्याने पहिला गिअर टाकला. इंजिनाने भार उचलला, तो त्याला पायांतून आणि पाठीतून कळला. ओढत होतं, घट्ट आणि सारखं. ज्या जागी मागच्या वेळी गाडी थांबली होती तिथे रस्त्यावर अजून तेलाचा काळा डाग होता, धुळीने अर्धा झाकलेला. तो त्याच्यावरून गेला. समोरचा दिवा विझलेला होता. तो त्या विझलेल्या दिव्याकडे आणि रस्त्याकडे आलटून पालटून बघत वर आला. पूर्वी ह्या चढावर त्याचे डोळे फक्त रस्त्यावर असायचे. दोन ठिकाणी बघायला जास्त दमायला होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

वर वजनकाट्यावर रांग होती. त्याने गाडी उभी केली. मागून विकीचा डंपर आला, थांबला. विकी उतरून त्याच्या खिडकीखाली आला. दाराच्या पत्र्यावर त्याने थाप मारली आणि मान वर करून उभा राहिला. बोलावं की नाही, अशी घालमेल त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. मग तो गळा फाडून ओरडला.

"काका! मागचा ब्रेक किरकिरतोय! लायनिंग संपलं असेल!"

रांगेतल्या दोघातिघांनी माना वळवल्या. आलोशियस तसाच बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्याच्या ओठांवर ते जुनं उत्तर आलं असणार, टिपरवाल्याला दिलेलं. विकी एक पाऊल मागे सरकला.

आलोशियसने दार उघडलं. एका हाताने दांडी धरून, आधी एक पाय, मग दुसरा, सावकाश खाली उतरला.

"कुठल्या बाजूचा?" त्याने विचारलं.

"डावा! डाव्या बाजूचा!"

"दाखव," आलोशियस म्हणाला, आणि त्याच्यामागून गाडीच्या कडेकडेने चालू लागला.